एडिसनमध्ये शुकशुकाट, नदीपलीकडे धुरळा: अमेरिकेतला प्रचार नेमका कुणासाठी असतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२४ च्या ऑगस्टमध्ये तुम्ही शिकायला न्यू जर्सीतल्या एडिसनला आलात. अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर होती, पण ऑक्टोबर संपत आला तरी ना सभा, ना भोंगा, ना दारावर कुणी. तासाभरावर, शेजारच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या बक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) राहणारा तुमचा मावसभाऊ मात्र पत्रकं, फोन आणि दार वाजवणाऱ्यांनी बेजार झाला होता. मग ते अब्जावधी डॉलर जातात कुठे, माणसं नेमकं काय करतात, आणि पुढच्या वेळी विद्यार्थी म्हणून तुम्हाला त्यात काही करता येईल का?

आधी माझी बाजू सांगून टाकते, म्हणजे वाचताना तुम्हाला योग्य ते वजा करता येईल. मी बरीच वर्षं न्यू जर्सी आणि पूर्व पेन्सिल्व्हेनियात प्रचारमोहिमांचं फील्डचं काम बघते. म्हणजे कुठल्या गल्लीत कोण जाणार, कुठलं दार वाजवायचं आणि कुठलं सोडायचं, हे ठरवायचं. काम डेमोक्रॅटिक उमेदवारांसाठी केलंय, त्यामुळे रिपब्लिकन यंत्रणा मी बाहेरूनच पाहिलेली आहे. शिवाय इथे पन्नास राज्यांचे पन्नास कायदे. मी सांगते त्यातलं बरंच या दोन राज्यांना लागू आहे. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात तपशील बदलतील.

तुम्ही गृहीत धरलंय की प्रचार म्हणजे देशाशी बोलणं. तसं ते नाही. प्रचार म्हणजे निकाल बदलू शकेल अशी थोडीशी माणसं हुडकून काढणं आणि बाकीच्यांवर एक डॉलरही न घालवणं. तुमच्या दारात कुणी आलं नाही, कारण तुमच्या दारात येऊन कुणाचाच काही फायदा नव्हता. तुम्हाला मत नाही, हे एक कारण झालं. पण तुमच्या मजल्यावर राहणाऱ्या नागरिकांकडेही कुणी फिरकलं नसणार.

देशभरातली मतं एकत्र मोजून इथे अध्यक्ष ठरत नाही, हे तुम्ही वाचलं असेलच. अध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांतले प्रतिनिधी, म्हणजे इलेक्टर: एकूण ५३८, बहुमताला २७०. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं वगळली तर जो राज्यात एका मताने पुढे, त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर. न्यू जर्सीचे १४, पेन्सिल्व्हेनियाचे १९. या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक नाही. फरक आहे तो अनिश्चिततेत. न्यू जर्सीने अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवाराला शेवटचं निवडलं ते १९८८ साली. पेन्सिल्व्हेनिया मात्र २०१६ मध्ये ट्रम्प यांनी सुमारे ४४ हजार मतांनी घेतलं, २०२० मध्ये बायडन यांनी सुमारे ८० हजारांनी आणि २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प यांनी सुमारे १ लाख २० हजारांनी. साठ-सत्तर लाख मतांमधला हा फरक. २०२० मध्ये देशभरात बायडन ७० लाख मतांनी पुढे होते, तरी ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतली मिळून सुमारे ४३ हजार मतांची आघाडी गेली असती, तर इलेक्टरांची बरोबरी झाली असती. आता तुम्ही मोहिमेचे खजिनदार आहात असं समजा. शेवटचा डॉलर एडिसनला खर्च कराल की बक्सला?

या हिशोबाची किंमतही मोजावी लागते. २०२० मध्ये बायडन यांनी न्यू जर्सी १६ टक्क्यांच्या फरकाने जिंकलं होतं, २०२४ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या कमला हॅरिस यांनी जेमतेम ६ टक्क्यांनी. ज्या घरांकडे कुणी वर्षानुवर्षं गेलेलं नाही, ती घरं मनाने कधी लांब गेली हे निकालाच्या रात्रीच कळतं. पण हे बोलणं सोपं आहे. खजिनदाराच्या खुर्चीत बसले असते, तर मीही पैसे बक्सलाच पाठवले असते.

आता बक्समध्ये सगळीच दारं वाजतात का? तेही नाही. इथे मुद्दा येतो व्होटर फाइलचा. आपल्याकडच्या मतदार यादीत नाव, पत्ता, वय असतं. तुम्ही कुठल्या पक्षाचे, हे सरकारी यादीत कुठेही नसतं. पेन्सिल्व्हेनियात नोंदणी करताना मतदार स्वतःच पक्ष लिहितो: डेमोक्रॅट, रिपब्लिकन, अन्य किंवा कुठलाच नाही. ते यादीत येतं. कुठल्या निवडणुकीत मत द्यायला गेलात आणि कुठल्या नाही, तेही येतं. कुणाला दिलं ते नाही, ते गुप्तच. ही अख्खी यादी वीस डॉलर भरून राज्याकडून घेता येते, निवडणूक किंवा राजकीय कामासाठी वापरू अशी हमी दिली की झालं. मी पहिल्यांदा माझ्या गल्लीची यादी उघडली, तेव्हा शेजारच्यांचा पक्ष पाहून अंमळ ओशाळायलाच झालं होतं. मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया या राज्यांत मात्र पक्षाची नोंद होत नाही. तिथे अंदाजावर भर द्यावा लागतो.

या यादीला मग बाजारातून घेतलेली माहिती जोडतात: घर स्वतःचं की भाड्याचं, वय, शिक्षणाचा अंदाज. त्यावरून प्रत्येक मतदाराला दोन गुण मिळतात, दोन्ही साधारण शून्य ते शंभर. एक, हा आपल्याला मत देण्याची शक्यता किती. दोन, हा मुळात मत द्यायला जाण्याची शक्यता किती. आमचं सगळं डोकं या दोन आकड्यांत चालतं. पक्का आपला आणि दरवेळी मत देणारा? त्याच्याकडे जायचं कारण नाही. फार तर त्याला स्वयंसेवक म्हणून बोलवा. पक्का समोरचा? त्याच्या दारात जाणं म्हणजे त्याला मतदानाची आठवण करून देणं. उरतात दोन जाती: आपला, पण मतदानाला आळस करणारा, आणि नक्की जाणारा, पण मन न ठरलेला. पहिल्याला घराबाहेर काढायचं, दुसऱ्याला पटवायचं. तुमचा मावसभाऊ नागरिक असून बक्समध्ये राहतो आणि बहुधा पक्ष न लिहिता नोंदणी केलेला आहे. मग त्याची सुटका कुठली!

हे गुण म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे. आडनावावरून वंश ठरवणारे अंदाज तर कधीकधी विनोदी असतात. कुलकर्णी, पाटील बरोबर ओळखले जातात. गोव्याकडचे फर्नांडिस, परेरा मात्र लॅटिनो गणले जातात आणि त्यांच्याकडे स्पॅनिश पत्रकं जातात. दारात उभं राहिल्यावरच खरं कळतं, आणि म्हणून दाराचं काम अजून टिकून आहे.

दाराचं काम म्हणजे कॅनव्हासिंग. आमच्या बाजूला फोनवर मिनिव्हॅन नावाचं ॲप असतं. त्यात तुमचा 'टर्फ' येतो, म्हणजे दोन-तीन तासांत पायी होईल एवढ्या घरांचा तुकडा. एकाच घरात चार मतदार असतील आणि यादीत एकाचंच नाव असेल, तर त्या एकालाच विचारायचं. दहातली सात-आठ दारं उघडतच नाहीत. हल्ली बरीच संभाषणं दारावरच्या कॅमेऱ्याशी होतात. घरमालक ऑफिसात बसून "नको" म्हणतो. उघडलंच दार, तर भाषण करायचं नाही. कुठला मुद्दा तुम्हाला महत्त्वाचा वाटतो, हे विचारायचं आणि ऐकायचं. मग एक ते पाच अशी नोंद: एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का समोरचा. नवख्यांना मी एकच ताकीद देते, तीन लिहायला लाजू नका. सौजन्याने हसून बोललेल्या प्रत्येकाला 'दोन' देणारे स्वयंसेवक आमचं सर्वात जास्त नुकसान करतात, कारण शेवटच्या आठवड्यात आम्ही त्या खोट्या 'दोन'च्या मागे धावत बसतो. आणि पत्रक टपालपेटीत टाकायचं नाही! तिकीट न लावलेला कागद टपालपेटीत टाकायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. दाराच्या कडीत अडकवायचं.

याचा उपयोग होतो का, हा रास्त प्रश्न आहे. १९९८ मध्ये येल विद्यापीठातल्या ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी न्यू हेवन शहरात प्रयोग केला. काही मतदारांकडे माणूस पाठवला, काहींना पत्र, काहींना फोन. समोरासमोर बोललेल्यांचं मतदान लक्षणीय वाढलं. व्यावसायिक कंपनीकडून केलेल्या फोनने फरक पडला नाही. त्या प्रयोगानंतर दारोदार फिरण्याला पुन्हा मान आला. पण बारकाई बघा: मतदानाला बाहेर काढणं जमतं, मन वळवणं फार अवघड. विशेषतः नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत, जेव्हा बहुतेक माणसं आपल्या पक्षालाच मत देतात. आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आधीच एवढा गलका असतो की आमचा परिणाम आणखी पातळ होतो. २०२४ मध्ये हॅरिस यांची मैदानी यंत्रणा भक्कम होती, तरी सातही स्विंग राज्यं, म्हणजे कुठल्याही बाजूला झुकू शकणारी राज्यं, हातची गेली. बक्स काउंटीसुद्धा ट्रम्प यांनी निसटत्या फरकाने घेतली. त्या उन्हाळ्यातच तिथल्या नोंदणीत रिपब्लिकनांची संख्या डेमोक्रॅटांच्या पुढे गेली होती. वारा उलटा असला की दारोदारी फिरून तो फिरत नाही. फरक काही हजारांचा असेल, तरच आमच्या कामाने निकाल बदलतो. तो फरक किती असेल हे आधी कळत नाही, म्हणून दरवेळी चालायचं.

पैशाकडे येते. हॅरिस मोहीम आणि तिच्या संलग्न समित्यांनी तीन महिन्यांच्या आत १ अब्ज डॉलरहून अधिक जमवले. अशा रकमेतला सर्वात मोठा वाटा जाहिरातींवर जातो, टीव्ही आणि मोबाइलवर. माणसांचे पगार, कार्यालयं आणि सभा त्यानंतर. टीव्हीचा नकाशा राज्यांच्या सीमेनुसार नसतो, हे तुमच्या शुकशुकाटाचं आणखी एक कारण. एडिसन न्यूयॉर्कच्या टीव्ही बाजारात येतं, तिथे जाहिरात प्रचंड महाग आणि बघणारे बहुतेक न्यूयॉर्कचे. दक्षिणेला चेरी हिलला राहायला असतात, तर न्यू जर्सीत असूनही फिलाडेल्फियाच्या वाहिन्यांवर तुम्ही रोज जाहिराती पाहिल्या असत्या.

एका व्यक्तीला एका उमेदवाराला २०२३-२४ च्या फेरीत प्रत्येक निवडणुकीमागे ३,३०० डॉलर देता येत होते. पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्रायमरी वेगळी, मुख्य निवडणूक वेगळी. उमेदवाराच्या एकूण खर्चाला मर्यादा मात्र नाही. १९७६ च्या बकली विरुद्ध व्हॅलिओ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खर्चावरची मर्यादा घटनाबाह्य ठरवली. २०१० मध्ये सिटिझन्स युनायटेडचा निकाल आला, कंपन्या-संघटनांना स्वतंत्र प्रचारावर हवा तेवढा खर्च करायची मुभा मिळाली, आणि त्यापाठोपाठ सुपर पॅक नावाचे बाहेरचे गट उभे राहिले. ते कितीही घेऊ आणि खर्चू शकतात, पण उमेदवाराला थेट देऊ शकत नाहीत, आणि जाहिराती त्याच्याशी संगनमत करून करू शकत नाहीत. २०२४ च्या मार्चमध्ये संघीय निवडणूक आयोगाने दारोदार प्रचारापुरती ही भिंत खाली आणली, आणि ट्रम्प मोहिमेने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. दाराचं बरंचसं काम इलॉन मस्क यांच्या अमेरिका पॅकसारख्या बाहेरच्या गटांकडे दिलं.

आतल्या गोटातली एक गोष्ट सांगते, जी बातम्यांत क्वचित येते. मुख्य निवडणुकीआधीच्या ६० दिवसांत टीव्ही वाहिनीला उमेदवाराकडून सर्वात कमी दरच घेता येतो. सुपर पॅकला ही सवलत नाही; त्यांना बाजारभाव, आणि ऑक्टोबरमध्ये तो आकाशाला भिडलेला असतो. म्हणून सामान्य माणसाने उमेदवाराला दिलेले पंचवीस डॉलर धनाढ्याने सुपर पॅकला दिलेल्या पंचवीस डॉलरपेक्षा जास्त सेकंद विकत घेतात. सारखे पैसे मागणाऱ्या त्या त्रासदायक ईमेलमागचं एक कारण हे.

आता तुमच्या मावसभावाला एक उपाय सांगा. पेन्सिल्व्हेनियात २०१९ च्या कायद्यापासून कुणालाही कारण न देता टपालाने मत देता येतं. कुणाची मतपत्रिका काउंटीकडे पोचली, ही माहिती मोहिमांना जवळजवळ रोज मिळते, आणि पोचली की ते नाव आमच्या यादीतून गळतं. लवकर मत दिलं की फोन आपोआप विरळ होतात. फक्त मतपत्रिका आतल्या गुप्ततेच्या लिफाफ्यात घालायला विसरू नये, नाहीतर ती बाद होते. शेवटच्या दोन आठवड्यांत आमचं निम्मं काम हेच असतं: मागवलेली पण परत न आलेली मतपत्रिका कुणाच्या फ्रिजवर पडून आहे, त्याला गाठणं.

तुम्ही असंही विचारलंत, की न्यू जर्सीत मग मताला काही अर्थच नाही का. आहे, पण तो नोव्हेंबरमध्ये नाही, जूनमध्ये आहे. एका पक्षाचा पगडा असलेल्या मतदारसंघात खरी निवडणूक प्रायमरीत होते आणि तिथे फार थोडे लोक येतात. आपल्या ओळखीचं उदाहरण घ्या. मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, स्वतःचे लाखो डॉलर ओतून तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या १३ व्या मतदारसंघातून काँग्रेससाठी उभे राहिले. नऊ उमेदवारांच्या प्रायमरीत सुमारे २८ टक्के मतं मिळाली आणि ते पुरेसं झालं. नोव्हेंबरात त्यांना ७० टक्क्यांहून अधिक मतं पडली, पण निकाल ऑगस्टमध्येच लागला होता.

न्यू जर्सीच्या प्रायमरीला तर वेगळाच मसाला होता. बहुतेक काउंट्यांत पक्षसंघटनेने पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार मतपत्रिकेवर एकाच रांगेत, वरपासून खालपर्यंत छापले जायचे. याला 'काउंटी लाइन' म्हणायचे. बाकीचे उमेदवार कुठेतरी कोपऱ्यात. रांगेत जागा मिळाली की अर्धी लढाई जिंकली, त्यामुळे खरा प्रचार मतदारांपुढे नव्हे, तर काउंटीच्या पक्षाध्यक्षांपुढे चालायचा. आम्ही फील्डवाले तेव्हा हताश व्हायचो. कितीही दारं वाजवा, मतपत्रिकेची रचनाच तुमच्या विरोधात. सिनेटसाठी उभे असलेले अँडी किम त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि २०२४ च्या मार्चमध्ये संघीय न्यायाधीशांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती रचना थांबवली. किम पुढे सिनेटर झाले. माझ्या मते या राज्यात अलीकडे झालेला सर्वात मोठा बदल हाच, आणि भारतातल्या माझ्या नातेवाइकांपैकी कुणाच्याही तो कानावर नव्हता.

निवडणूक घेतं कोण, याचं उत्तर छोटं आहे: काउंटी. आपल्या निवडणूक आयोगासारखी सगळ्या देशाची निवडणूक घेणारी संस्था इथे नाही. संघीय निवडणूक आयोग आहे, पण तो फक्त पैशाचे हिशेब बघतो. पेन्सिल्व्हेनियाच्या ६७ काउंट्या आपापली मतमोजणी करतात, आणि टपाली मतांचे लिफाफे मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडता येत नाहीत. निकाल रेंगाळतो तो त्यामुळे; त्यात काळंबेरं शोधू नका. आचारसंहिता नाही, शेवटच्या ४८ तासांची शांतता नाही. पेन्सिल्व्हेनियात मतदान केंद्राच्या दारापासून दहा फुटांबाहेर तुम्ही पत्रकं वाटत उभे राहू शकता, आणि मी राहिले आहे.

शेवटी तुमचं स्वतःचं. तुम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहात, म्हणून देणगी द्यायची नाही, अगदी पाच डॉलरही नाही, आणि प्रचाराचा टी-शर्ट विकत घेणं हीसुद्धा देणगीच धरली जाते. ग्रीन कार्डधारकांना देणगी देता येते, मत नाही. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम तुम्हाला करता येतं: दारं वाजवा, फोन करा, पाकिटं भरा. मोहिमेचे पैसे कसे खर्च करायचे यासारख्या निर्णयांत भाग घ्यायचा नाही. एक पैचाही मोबदला कुणी देऊ केला, तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. आणि सर्वात महत्त्वाचं: वाहन परवान्याच्या कार्यालयात मतदार नोंदणीचा प्रश्न विचारतात. घाईत 'नागरिक आहे' या चौकटीवर खूण करू नका. चुकून झालेल्या नोंदणीने पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी अडकलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि मत दिलंच तर तो संघीय गुन्हा आहे.

सुरुवात करायची असेल तर अध्यक्षपदाची वाट बघू नका. न्यू जर्सीत दरवर्षी कसली ना कसली निवडणूक असतेच. स्कूल बोर्ड किंवा टाउनशिप कौन्सिलच्या उमेदवाराला थेट ईमेल करा. त्याच्याकडे माणसं नसतात, तो त्याच शनिवारी बोलावेल. तिथे निकाल काहीशे मतांनी लागतो, म्हणून एका दुपारी बोललेली दहा-बारा माणसं खरोखर हिशोबात धरली जातात. एडिसनमध्ये तर मराठी, गुजराती, तेलुगू येणाऱ्याला हातोहात घेतील. जाताना पाण्याची बाटली आणि फोनचा चार्जर घ्या, आणि कुत्रा भुंकला तर फाटकाच्या बाहेरूनच बोला.